आईला वाचता येत नसेल तर?

प्रश्न: मी कापूस वेचणीला जाते, मला वाचता येत नाही. तिसरीतला मुलगा अडखळत वाचतो. घरी काय करू?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, तुम्हीही त्याचं वाचन घेऊ शकता. रोज १० मिनिटं शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचू द्या. बोट एकीकडे, तोंड भलतीकडे गेलं, तर तो पाठ केलेलं म्हणतोय. मग पानाच्या मधली ओळ वाचायला लावा. अडला की रागावू नका, त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा. बहुतेकदा जोडाक्षरंच सापडतील. आठवड्यानं ते पान गुरुजींना दाखवा. नुसतं ‘पोरगा कसा आहे?’ विचारण्यापेक्षा त्या रेघा त्यांच्या कामी येतील. वेचणीचे किलो आणि मजुरी त्यालाच वहीत मांडू द्या. आणि हो, शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. वेचणीच्या दिवसांत सभा संध्याकाळी ठेवा, असं तिथं हक्कानं सांगा.