उशाशी पाच पुस्तकं, उघडू कोणतं?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझं पहिलं बाळ पाच आठवड्यांचं आहे. भेट म्हणून बालसंगोपनाची पाच पुस्तकं आली. एक म्हणतं, घड्याळ लावून दर चार तासांनी पाजा. दुसरं म्हणतं, बाळ मागेल तेव्हा पाजा. एकात पालथं झोपवायला सांगितलंय, दुसऱ्यात सक्त मनाई. रात्री अडीचला बाळ मांडीवर, पुस्तक हातात आणि मला रडू कोसळतं. यातलं कोणतं धरू? – एक नवी आई

उत्तर : आधी तुमच्या रडण्याचं बोलू. झोपेचं खोबरं झालं की रडू येतंच. पण दोन आठवडे उलटूनही रोज असंच होत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःसाठी भेटा, बाळासाठी नव्हे. हे मी सगळ्यात वर लिहितेय, कारण पुस्तकांमध्ये ते बहुतेक शेवटच्या पानांवर असतं आणि तिथवर कुणी पोचत नाही.

आता पुस्तकं. पाचही समोर घ्या आणि प्रत्येकातलं झोपेचं पान उघडा. बाळाला उताणं झोपवा, गादी सपाट आणि घट्ट हवी, झोपायची जागा त्याची स्वतःची हवी, उशी, मऊ खेळणी आणि सैल पांघरूण जवळ नको, पहिलं वर्षभर हेच, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं. पालथं किंवा कुशीवर झोपवायला सांगणारं पुस्तक तिथेच बाद करा, मग ते कुणीही दिलेलं असो.

असं पुस्तक लिहिणारा बेफिकीर होता, असं मात्र समजू नका. बेंजामिन स्पॉक या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचं १९४६ साली आलेलं पुस्तक जगभरातल्या आईबापांनी उशाशी ठेवलं. त्याच्या १९५८च्या आवृत्तीत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, ही भीती त्यामागे होती. पुढच्या अभ्यासांतून उलटंच दिसलं. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली बाळं जास्त होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं, दोन वर्षांनी तिथे मोठी मोहीम निघाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तेव्हा आवृत्तीचं साल बघा. कुणी मायेने जपून ठेवलेलं जुनं पुस्तक जरूर कपाटात ठेवा, पण बाळ त्यावर वाढवू नका.

मग दुधाचं पान. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. त्याला चार तासांच्या घड्याळाला बांधणारं पुस्तक मी तरी घरात ठेवणार नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे त्यात हवं. २००१पूर्वीच्या पुस्तकांत ‘चार ते सहा महिने’ असं आढळेल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तेव्हा बदलली. वर्षाच्या आत मध चाटवू नये, हेही हवं. त्यातून बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. ज्या आईला वरचं दूध द्यावंच लागतं, तिला न टोचता पावडर-पाण्याचं नेमकं माप सांगणारं पुस्तक असेल, तर ते लिहिणाऱ्याला आईची कदर आहे असं मी मानते. मात्र दुधाच्या पावडरच्या कंपनीने छापलेली पुस्तिका मार्गदर्शक म्हणून धरू नका. अशा कंपन्यांनी आयांपर्यंत जाहिरात नेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय संहितेने, म्हणजे नियमावलीने, १९८१पासून म्हटलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र धोक्याच्या खुणांच्या पानावर घालवा. नवजात शिशू विभागात मी अठ्ठावीस वर्षं काम केलं, आणि एक बाबा अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. एका हातावर दुपट्यात गुंडाळलेलं सहा दिवसांचं बाळ, दुसऱ्या हातात पुस्तक. पान चुकू नये म्हणून त्यात केसांची क्लिप अडकवलेली. ‘काही बाळं शांत, झोपाळू असतात’ या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. दोन दिवस बाळ प्यायला उठत नव्हतं आणि त्याचे आईबाबा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मी दुपटं सोडलं तर तळपाय पिवळे. कावीळ चांगलीच चढली होती. दिव्याखाली ठेवलं, बाळ बरं होऊन घरी गेलं. ती ओळ खोटी नव्हती. पण झोपाळू बाळ आणि सुस्तावलेलं बाळ यांतला फरक त्या पुस्तकात कुठेच नव्हता.

म्हणून असं पान हवं : बाळ प्यायला उठत नाही, श्वास जलद चालतो किंवा बरगड्या आत ओढल्या जातात, झटके येतात, ओठ निळसर दिसतात, तळहात-तळपाय पिवळे होतात, तीन महिन्यांच्या आत ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर जातो. यांतलं काहीही दिसलं की पुस्तक मिटून थेट डॉक्टरांकडे जा, असं ज्यात ठळक छापलंय, ते तुमचं पुस्तक. बाकीची चार माळ्यावर टाका. आणि रात्री अडीचला वाचू नका. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होताहेत आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. एवढं ठाऊक असलं की दिवा मालवायला हरकत नाही.

प्रश्न : आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. छान बसते, पण रांगत नाही, बसल्या बसल्या सरकते. ॲप रोज ‘मागे आहे’ असं दाखवतं. पोटात गोळा येतो. – एक बाबा

उत्तर : ते ॲप काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये निरोगी बाळांच्या हालचालींच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यानुसार रांगणं साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांत कधीही येतं. शंभरातली चारेक बाळं तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तशीच उभी राहिली. आधाराशिवाय चालण्याची मर्यादा आठ ते साडेसतरा महिने इतकी मोठी आहे. एकच तारीख देणारं मार्गदर्शन निरोगी बाळाच्या आईबापांनाही घाबरवतं. जमत असलेली गोष्ट बंद झाली, एकच हात किंवा एकच पाय चालतोय, अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागतंय, असं काही असेल तर मात्र वाट न पाहता दाखवा. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली असेल, तर जितके आठवडे लवकर, तितके वयातून वजा करून मग तक्ता बघा.