बाळंतपणाची जबाबदारी मला पेलेल का?

मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित परिचारिका, होऊ पाहणाऱ्या मुली, आणि कित्येकदा प्रसूतिकक्षात बरीच वर्षे काढलेल्या परिचारिकाही, माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतात: या कामाची ओढ आहे, पण उद्या एखादी बाई माझ्या हातून दगावली तर मी ते कसे सोसणार? त्याचे उत्तर म्हणून एका परिचारिकेचा अनुभव तिच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

ती नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका आरोग्य केंद्रात सहा वर्षे बाळंतपणे करत होती. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि त्यांनुसार अनुभवी परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण आखले गेले. त्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. रुजू होण्यास तीन आठवडे उरले असताना ती नकाराचा अर्ज पर्समध्ये घेऊन माझ्यासमोर बसली. दोन महिन्यांपूर्वी एका बाळंतिणीचे गर्भाशय वार पडल्यानंतर आकसले नाही आणि तिला मोठा रक्तस्राव झाला. ती बाई वाचली, बाळही सुखरूप होते. हिला मात्र तेव्हापासून रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येई, आणि कामाची पाळी नसली तरी ती केंद्रात फोन लावून गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कुप्या फ्रिजमध्येच आहेत ना, असे विचारत असे. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे प्रश्न गैर नव्हता. पण एका रात्रीत तो तीनदा विचारला जाऊ लागला होता.

"मॅडम, माझी आजी सुईण होती," ती म्हणाली. "तिच्या हातून एकही बाई गेली नाही, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मला सहा वर्षांतच हे बघावं लागलं."

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण तिच्या मनातला खरा काटा तेथेच रुतला होता. आजीच्या काळात बाई किंवा मूल दगावले की घर म्हणे, सटवाईने पाचवीला लिहिले ते कोणाला चुकणार? दुःख तेवढेच असे, पण त्याचा हिशेब सुईणीच्या नावावर मांडला जात नसे आणि आठवणीत केवळ सुखरूप सुटका झालेल्या बायका उरत. आज रक्तस्राव कशाने होतो आणि तो कशाने थांबवता येतो हे ठाऊक असल्यामुळे कित्येक जीव वाचतात, आणि त्याच ज्ञानामुळे प्रत्येक मिनिटाचा जाब परिचारिका स्वतःला विचारते. हे ओझे तिच्या आजीने कधी उचललेच नव्हते. त्यामुळे दोघींची तुलना करणे नातीवर अन्याय करणारे होते, असे मी तिला स्पष्टपणे सांगितले.

"तुमची काहीच चूक नव्हती," हे वाक्य मी अशा वेळी सुरुवातीला कधीच उच्चारत नाही. ते ऐकणाऱ्याला बरे वाटते, पण त्याने बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. त्याऐवजी मी तिला कोरा कागद दिला आणि त्या पहाटेची नोंद मिनिटामिनिटाने लिहायला सांगितली. ३.१० ला बाळ जन्मले, मिनिटाभरात १० युनिट ऑक्सिटोसिन दिले, ३.१८ ला वार पडली; ३.२५ ला पॅड पूर्ण भिजलेले दिसले. लगेच पोटावरून गर्भाशय चोळणे, सलाइन, पुढचे औषध. ३.४० ला १०८ क्रमांकावर फोन. लिहिताना तिचा हात ३.३० वर अडला. ती दहा मिनिटे तिने वरिष्ठांचा फोन उलट येईल म्हणून वाट पाहण्यात घालवली होती. दोन महिने तिचे मन "मी बाईला मारलेच असते" असे म्हणत होते. कागदावर त्यातून उरली ती दहा मिनिटे. ती चूक होती, हे मी नाकारले नाही. यापुढे वरिष्ठांना आणि रुग्णवाहिकेला एकाच वेळी फोन करायचा, एक स्वतः आणि दुसरा सोबतच्या कर्मचाऱ्याकडून, असे तिने त्याच कागदावर खाली लिहिले.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारले की त्या बाळंतिणीला ती नंतर भेटली का. ती गप्प झाली. घरचे दोष देतील या भीतीने तिने त्या पाड्याची वाटच टाळली होती. चार दिवसांनी ती आशाताईंना बरोबर घेऊन गेली आणि परत आल्यावर तिने जे सांगितले, ते मला या कामाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते.

आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या गृहभेटी नियमाने झाल्या होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून पुढे आलेल्या या पद्धतीने असंख्य बाळे वाचवली आहेत, आणि याही बाळाचे वजन, तापमान सारे वहीत व्यवस्थित नोंदलेले होते. आई मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होती. दूध कमी येत होते, आणि रडल्याने ते आणखी आटते या घरच्यांच्या समजुतीमुळे तिला रडण्याचीही मुभा नव्हती. सिस्टर दिसताच तिने एकच विचारले: "मला नेमकं काय झालं होतं?" नवव्या महिन्यात पाण्याचा हंडा उचलला म्हणून असे झाले, हे तिला घरातून ऐकवले गेले होते आणि तिने ते खरे मानले होते.

परिचारिकेने आपली मूठ घट्ट आवळून सर्वांना दाखवली. वार पडल्यावर पिशवी अशी आवळली की रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तुमची अशी सैल राहिली, म्हणत तिने बोटे उघडली. हंड्याचा त्याच्याशी संबंध नाही. फार रक्त गेल्याने दूध उशिरा आणि कमी येऊ शकते. पुढचे बाळंतपण मात्र रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवे. सासूबाईंनी स्वतःची मूठ आवळून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

तिने आणखी एक गोष्ट ओळखली. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे स्वाभाविक असते आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. परंतु येथे दोन महिने उलटले होते, बाळ झोपले तरी आईला झोप नव्हती आणि त्याला जवळ घ्यावेसे वाटत नव्हते. ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे आहेत हे तिने घरच्यांना समजावले आणि त्याच आठवड्यात बाईला स्वतः जिल्हा रुग्णालयात नेले. ज्यांना तातडीने कोणाशी बोलायचे असेल त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. आईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र तिला क्षणभरही एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे.

नकाराचा अर्ज तिने दिला नाही. भीती गेली आहे का, असे मी तिला प्रशिक्षणाच्या चौथ्या महिन्यात विचारले, तेव्हा ती नाही म्हणाली. कामाची पाळी सुरू होताच ती आधी फ्रिज उघडून ऑक्सिटोसिनच्या कुप्या मोजते आणि वहीत सही करते. रात्री घरून फोन करणे मात्र बंद झाले आहे.