काम उरलं तर चालू स्प्रिंट (स्क्रम या टीमच्या कार्यपद्धतीतला ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) दोन-तीन दिवस वाढवावा का?

नाही, चालू स्प्रिंट ठरल्या दिवशीच संपवा. लांबी बदलायचीच असेल तर पुढच्या स्प्रिंटपासून बदला आणि मग निदान तीन-चार स्प्रिंट तीच ठेवा. स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतही स्प्रिंट ठरावीक मुदतीचा, जास्तीत जास्त एक महिन्याचा, असंच म्हटलंय. मुदत ताणली की व्हेलॉसिटीचा, म्हणजे टीम एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं (कामाच्या अंदाजे आकाराचं माप) काम पुरं करते त्याचा, हिशेब बिघडतो: १० दिवसांतले ३० पॉइंट आणि १३ दिवसांतले ३६, यात टीमचा वेग वाढला की घटला? उरलेली स्टोरी (कामाचा एक सुटा तुकडा) बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, परत टाका, ‘९० टक्के झालीय’ म्हणत अर्धे पॉइंट लाटू नका. दर वेळी काम उरतच असेल तर बहुधा स्टोरी अवाढव्य आहेत. त्या फोडा, तीन आठवड्यांचा स्प्रिंट दोनवर आणला तर त्या फोडाव्याच लागतात. अर्थात हे स्क्रमपुरतं. कानबान या दुसऱ्या कार्यपद्धतीमध्ये ठरावीक मुदतीचं चक्र सक्तीचं नसतंच.