वीस टक्क्यांची अट

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. अमेरिकेतील गृहविज्ञान आणि व्यवसाय शिक्षणावरचे तुझे प्रकरण वाचले. ‘मुलींना चुलीशी बांधून ठेवण्याची युक्ती’ असे पहिल्याच पानावर लिहून तू मोकळी झालीस. आरोप सर्वस्वी खोटा नाही. पण निकाल आधी आणि पुरावा मागून, असा क्रम मला खटकला.

अमेरिकेत गृहविज्ञानाचा पाया घालणाऱ्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांच्यापाशी जरा थांब. १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने त्यांना रसायनशास्त्रासाठी घेतले आणि फी माफ केली. आपल्या गरिबीमुळे ही सवलत मिळाली, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात, कोणी हरकत घेतलीच तर ‘ही आमची विद्यार्थिनी नव्हे’ असे संस्थेच्या अध्यक्षांना म्हणता यावे, एवढ्यासाठी ती होती. हे ठाऊक असते तर आपण गेलोच नसतो, असे त्या पुढे म्हणाल्या. अशा संस्थेत पाणी आणि अन्न तपासत राहिलेल्या बाईने घराकडे मोर्चा वळवला, तो चुलीच्या ओढीने की दुसरीकडे वाट नव्हती म्हणून, हा प्रश्न तुझ्या प्रकरणात यायलाच हवा.

१८९० मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन सुरू केले. तिथे रॉकेलच्या दिव्यावर तापणाऱ्या ‘अलादीन’ नावाच्या पेटीसारख्या भट्टीत गोमांसाचा रस्सा तासन्तास मंद आचेवर शिजे आणि कमी पैशात पोषण म्हणून कामगार वस्तीला विकला जाई. स्थलांतरितांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली, कारण त्यांना आपापल्या घरची चव हवी होती. (प्रथिने मोजणाऱ्यांना जीभ मोजता आली नाही, असे मला नेहमी वाटते.) पुढे १८९९ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड येथे गृहविज्ञानाच्या परिषदा भरल्या, त्यांतून अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन ही गृहविज्ञानाची संघटना निघाली आणि रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

तुझे खरे प्रकरण १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यात आहे, आणि नेमका तोच तू दोन ओळींत उरकला आहेस. शेती, उद्योग-धंदे आणि गृहविज्ञान यांच्या शिक्षकांच्या पगारासाठी त्याने केंद्राचा पैसा राज्यांना दिला, तोही राज्याने किंवा स्थानिक संस्थेने तेवढाच घातला तर. शिवाय, उद्योग आणि गृहविज्ञान यांच्यासाठी मिळून जो पगाराचा पैसा होता, त्यातला वीस टक्क्यांहून अधिक गृहविज्ञानावर खर्च करता येत नसे. मुलींसाठी दार उघडायचे आणि ते किती उघडायचे हेही ठरवून ठेवायचे, असा हा कारभार आहे. हा पैसा राज्यांच्या मंडळांमार्फत वाटला जाई, आणि दक्षिणेत शाळाच वर्णानुसार वेगळ्या होत्या, हे त्याच्या शेजारी मांड. व्यवसाय शिक्षण म्हणजे कृष्णवर्णीयांना हलक्या कामाशी जखडणे होय का, हा बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या दोन कृष्णवर्णीय नेत्यांमधला वाद त्याआधीच पेटलेला होता.

कॉर्नेल विद्यापीठात अनाथालयातून आणलेली तान्ही मुले गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी आळीपाळीने सांभाळत आणि त्यांना ‘डोमेकॉन’ (‘डोमेस्टिक इकॉनॉमी’चे लघुरूप) असे आडनाव लावत, हा प्रसंग तू टाळलास. तो घे, पण धक्का देण्यासाठी नको. त्याच शाखेतून किती स्त्रिया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, हेही त्याच परिच्छेदात येऊ दे.

नवा खर्डा कायद्याच्या मूळ कलमांपासून सुरू कर आणि पहिले पान सर्वांत शेवटी लिही. कळावे.