नाण्यांना चिंच लावू नका

प्रश्न : काका, आजेसासूबाईंच्या पितळी डब्यात ४०-४५ जुनी नाणी सापडली. भोकाचे पैसे आहेत, राणीची आहेत, आणि एक रामदरबाराचं आहे, त्याच्या मागे ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असं कोरलंय. काळी पडली होती म्हणून चिंच-मीठ लावून घासायला बसले, सात-आठ झाली तेवढ्यात मुलगा ओरडला की थांब. आता व्हॉट्सअॅपवर एकजण रामदरबाराचे लाखो देतो म्हणतोय, फक्त आधी २१०० रुपये रजिस्ट्रेशन भरा म्हणे, रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट पण पाठवलंय. भरू का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, एक रुपया पण भरू नका, नंबर ब्लॉक करा आणि मग पुढचं वाचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर सांगितलं होतं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात नसतो, त्यासाठी कमिशन घेत नाही आणि कुणाला ते घ्यायला नेमलेलं पण नाही. तुम्ही २१०० भरले की उद्या जीएसटी, परवा कुरिअर, असं चालूच राहतं. ज्याला खरंच नाणं घ्यायचंय तो तुम्हाला पैसे देईल ना, तुमच्याकडून कशाला मागेल?

आता रामदरबार. वाईट वाटून घेऊ नका, पण कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. हे देवळाबाहेर विकले जाणारे पूजेचे टोकन, त्यावर १६१६, १७१७, १८१८ असे दिसायला छान आकडे टाकतात, झालं. कंपनीचं १८३५ चं पाव आण्याचं खरं नाणं बघा, त्यावर दोन सिंहांचं चिन्ह आहे, राम नाही की हनुमान नाही. (जवळचे तांदूळ आपोआप ओढून घेणारं नाणं म्हणून पण एक फसवणुकीचा प्रकार फिरतो, त्याच्या तर नादालाच लागू नका.) टोकन देवघरात ठेवा, आजेसासूबाईंनी पण बहुतेक तिथेच ठेवलं असणार.

खरी हळहळ मला त्या घासलेल्या सात-आठ नाण्यांची वाटली. तांब्यावर इतक्या वर्षांत जो चॉकलेटी थर बसतो ना, तो मळ नसतो, तेच तर संग्राहक बघतो. चिंच लावली की आतून गुलाबीसर नवं तांबं निघतं, वर घासल्याचे बारीक ओरखडे, आणि जाणकार माणूस तिरक्या उजेडात एकदा फिरवून लगेच खाली ठेवतो. तो थर परत आणता येत नाही. उरलेल्यांना माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, सुती कपड्याने टिपा, चोळू नका, आणि धरताना कडेने धरा. त्या नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या प्लॅस्टिक अल्बममध्ये तर अजिबात नको, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट लेप येतो, माझी अख्खी दोन पानं अशी गेलीत.

किमतीचं म्हणाल तर भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मध्ये एवढा पाडला की अजून घरोघरी निघतो, त्याचे फार येणार नाहीत. रुपये आहेत का बघा. १९४० च्या आधीच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी आहे, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बाकी काही नाही तरी चांदीचा भाव कुठे जात नाही. नंतर चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा.

प्रश्न : एका दुकानातून पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेतला, १९१० चा म्हणाला, कर्ण्यावर कुत्र्याचं स्टिकर आहे. मित्र म्हणतो नवा आहे. कसं ओळखायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मशीन उलटं करा आणि स्क्रू बघा. चार पाकळ्यांचा स्टार स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, तो १९१० च्या मशीनमध्ये कुठून येईल? दुरुस्तीत एखादा बदलला असेल हे मान्य, पण सगळेच स्टार असतील तर मित्राला चहा पाजा. बरेचदा जुन्या पेटीतल्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर काढून नव्या लाकडी खोक्यात बसवतात आणि वर चकचकीत कर्णा लावतात. मी पण असंच एक घेतलंय, हॉलमध्ये आहे, पाहुण्यांना खरं सांगत नाही.

वाजवणार असाल तर स्टीलची सुई तबकडीच्या एका बाजूला एकच, मग टाकून द्यायची, कंजूषपणा केलात तर झिजलेली सुई तबकडीचे चरे खाते. तबकडी लाखेची असते, स्पिरिटने पुसली तर वरचा थरच विरघळतो. आणि एलपी, म्हणजे नंतरची प्लॅस्टिकची तबकडी, चुकून पण लावू नका, सुई धरणाऱ्या त्या जड साउंडबॉक्सखाली एकदाच वाजेल.

प्रश्न : मी नववीत आहे. हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या ६० गाड्या आहेत, सगळ्या पॅक. त्यात एक ट्रेझर हंट, म्हणजे क्वचित मिळणारी, पण मिळाली. मोठा झालो की किती मिळतील? आई म्हणते उघडून खेळ.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आईचं ऐक. १९६८ च्या पहिल्या गाड्या आज महाग आहेत कारण तेव्हा पोरांनी त्या मातीत घातल्या, आपटल्या, हरवल्या, म्हणून चांगल्या थोड्याच उरल्या. आता तुझ्यासारखे हजारोजण पॅक ठेवून बसलेत, मग कमी कशा पडणार सांग? ती एक ट्रेझर हंट ठेव पॅक. रबरी टायर, चकाकता रंग आणि गाडीवरच टीएच लिहिलेलं असेल तर ती सुपर ट्रेझर हंट, त्याहून दुर्मिळ, मग तर कार्डाचा कोपरा पण दुमडू देऊ नकोस आणि उन्हात ठेवू नकोस. बाकीच्या ५९ उघड, आणि पुढच्या पत्रात सांग सोफ्याखाली किती गेल्या.