ताईंना चौदा पानी भाषण नको आहे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. आपल्या आमदार ताईंना सभागृहात सार्वजनिक सेवांवरच्या चर्चेत बोलायचंय म्हणून तू चौदा पानं लिहिलीस. भाषा चांगली आहे. 'व्यवस्थेला गंज चढला आहे' हे वाक्य मात्र तीनदा आलंय. नव्या आमदाराला अशा चर्चेत पाच-सात मिनिटं मिळाली तरी खूप झाली, आणि त्यात घंटा वाजते ती वेगळीच. शिवाय गंज चढलाय हे मंत्र्यांनाही मान्य असतं. त्यावर त्यांना उत्तर द्यावं लागत नाही, ही खरी अडचण.

मी तुझ्याएवढा असताना आमच्या साहेबांसाठी, म्हणजे तेव्हाच्या आमच्या आमदारांसाठी, पहिला तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) लिहिला होता. ठरलेल्या साच्यात: 'तालुक्यात आरोग्यसेवेचा बोजवारा उडाला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' छापील उत्तर आलं: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. साहेब मला काही बोलले नाहीत, नुसता कागद माझ्यापुढे सरकवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

बोजवारा मोजता येत नाही, म्हणून तो नाकारता येतो. पुढच्या वेळी मी एकच प्राथमिक आरोग्य केंद्र धरलं. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे एक केंद्र, हा निकष तुला माहीत असेलच. केंद्र होतं, इमारतही बरी होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं दोन, कागदावर भरलेलीही दोन. म्हणजे 'पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय' असं विचारलं असतं तर पुन्हा 'हे खरे नाही' आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तिथल्या औषध देणाऱ्या माणसानं हळूच सांगितलं, दुसरे डॉक्टर दीड वर्षापासून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरत्या दुसऱ्या नेमणुकीवर, जिल्ह्याच्या गावी आहेत, पगार फक्त इथून निघतो. मग प्रश्न असा गेला: भरलेल्या पदांपैकी किती अधिकारी प्रत्यक्ष या केंद्रात काम करतात, प्रतिनियुक्तीवर किती, कोणत्या दिनांकापासून, कोणाच्या आदेशाने? या वेळी उत्तर आलं 'हे अंशतः खरे आहे'. या धंद्यात ती मोठी कमाई समज.

खरं काम उपप्रश्नात, म्हणजे छापील उत्तरावर सभागृहात तोंडी विचारायच्या पुढच्या प्रश्नात असतं. छापील उत्तर हाती पडलं की ते तीन-चारदा वाच आणि काय सांगितलेलं नाही ते शोध. ताईंना तीन उपप्रश्न लिहून दे, एकच विचारायला मिळेल असं धरून. त्यात प्रस्तावना नको. ताई बोलत असताना अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांकडे चिठ्ठी जाते. प्रश्न लांबला की चिठ्ठी पोचायला वेळ मिळतो. ही युक्ती कुठल्या नियमपुस्तकात सापडायची नाही.

आणि तारांकित प्रश्न लागला म्हणजे तो पुकारला जाईलच असं नाही. लोकसभेत दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि तास एकच. तळाच्या प्रश्नांना नुसतं लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्नाची संधी जाते. आपल्याकडेही तोच अनुभव. म्हणून एकाच विषयासाठी लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आणि अर्धा तास चर्चेचीही (आधी मिळालेल्या उत्तरावरची चर्चा) तयारी ठेव.

मंत्र्यांच्या तोंडून काय निघतं ते शब्दशः टिपून घे. 'माहिती घेण्यात येईल' आणि 'एका महिन्यात पद भरण्यात येईल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीपुढे, म्हणजे मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का ते बघणाऱ्या समितीपुढे, जाऊ शकतं. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे, आणि दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं अशी तिथं अपेक्षा असते. मुदतवाढी मागितल्या जातात, वर्षं जातात, हेही खरं. पण आपल्याकडे वही नसेल तर मुदतवाढ मागायचीही गरज पडत नाही. एक वही घाल: तारीख, मंत्र्यांचे शब्द, कार्यवाहीतलं पान. आमच्या त्या डॉक्टरांचा आदेश रद्द व्हायला अकरा महिने लागले, आणि ते त्या वहीमुळेच झालं. भाषणाची कात्रणं साहेबांनी फ्रेम करून लावली होती, तो भाग वेगळा.

तू मसुद्यात मृणाल गोऱ्यांचं नाव घेतलंयस, बरं केलंस. पण 'पाणीवाली बाई' एवढ्यावरच थांबलास. त्यांनी १९८६ मध्ये विधानसभेत गर्भलिंग निदानाविरुद्ध अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं) विधेयक आणलं, आणि १९८८ मध्ये राज्याचा कायदा झाला. अशासकीय विधेयकं मंजूर होत नाहीत म्हणून ती आणायचीच नाहीत, असं तुला लॉबीत बरेच जण सांगतील. त्यांना हे साल सांग.

दुसरं नाव वि. स. पाग्यांचं. रोजगार हमीमागे विधान परिषदेच्या या सभापतींचा विचार होता. कायदा १९७७ चा. पण त्याआधी १९७५ मध्येच व्यवसाय कराचा कायदा झाला होता, हमीसाठी पैसा उभा करायला. तुझ्या पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ तिथं आहे. तुझ्या चौदा पानांत मागण्या एकोणीस आहेत आणि पैसा कुठून येणार ते एकदाही नाही. वित्त विभाग अशा भाषणाला घाबरत नाही.

आणखी एक जागा दाखवतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत दिली नाही तर अपिलात संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुझ्या पान सातवर दाखल्यांसाठी होणाऱ्या हेलपाट्यांचं वर्णन आहे, वाचताना माझेही पाय दुखले. त्याऐवजी विचार: जिल्ह्यात मुदतीबाहेर गेलेले अर्ज किती, प्रथम अपिलं किती, दंड किती जणांना, वसूल किती? तोही एकाच जिल्ह्यापुरता. राज्याची माहिती मागितलीस तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं उत्तर येईल आणि अधिवेशन संपेल.

मसुदा परत पाठवतोय. पान चारवर त्या आश्रमशाळेतल्या बंद पडलेल्या गिझरबद्दल दोन ओळी आहेत, त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल केलाय. बाकी बाजूला ठेव. गिझर कधी बसवले, देखभालीचा करार कुणाकडे, बिलं कोणत्या महिन्यापर्यंत निघाली, एवढं जाऊन बघून ये. मुलींशी बोल, पण अधीक्षक समोर नसताना. आणि प्रश्न पाठवायची मुदत कधी संपते ते आजच बघून ठेव.

तुझा,
काका