पहिल्यांदाच ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे धरायला) जाताय?

प्रश्न: जुलैमध्ये मुलाकडे मिशिगनला जातोय, त्याने लेक मिशिगन या तलावावर गाईडसोबत सॅल्मन-ट्राउट मासे धरायची अर्ध्या दिवसाची ट्रिप बुक केलीय. मी आयुष्यात गळ धरलेला नाही. नुसतं बसून राहावं लागेल का?

उत्तर: काका, अजिबात नाही! उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट होतं आणि सॅल्मनला साधारण १२-१३ अंशांचं गार पाणी लागतं, म्हणून ते खोल उतरतात, मग गाईड डाउनरिगर लावतो, म्हणजे तारेला चार-पाच किलोचा गोळा, त्याजवळच्या क्लिपमध्ये तुमची दोरी, आणि बोट हळूहळू चालत राहते. रॉड ताणामुळे वाकलेला असतो. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते, रॉड टणकन सरळ होतो आणि लगेच खाली वाकतो, तो क्षण बघाच! तेव्हा रॉड तुमच्या हातात येणार. टोक वर ठेवा, दोरी सैल पडू देऊ नका, आणि चिनूक (सॅल्मनचाच एक मोठा प्रकार) पळत सुटला की रीळ फिरवू नका, पळू द्या त्याला, दमला की मग ओढा. घाई केली की दोरी तुटते, बऱ्याच जणांचा पहिला मासा असाच जातो.

लेक ट्राउट तिथलाच, पण कोहो सॅल्मन १९६६ मध्ये माणसांनी आणून सोडलेत, अलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले होते, ते त्यांनी खावेत म्हणून.

मासेमारीचं लायसन्स लागतं, मुलाला आधीच ऑनलाइन काढायला सांगा. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. पहाटे पाण्यावर चांगलंच गार असतं, जाकीट न्याच.